बाथरूममध्ये पडले, एवढंच लिहिलं गेलं

प्रति,
मोटार विमा कंपन्यांच्या दावे विभागांतले अधिकारी आणि त्यांचे वकील,
तसंच रुग्णालयांच्या अपघात विभागात केसपेपर लिहिणारे डॉक्टर

यांस स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या वकीलबाईंनी अपिलाच्या मेमोची, म्हणजे अपिलाच्या लेखी अर्जाची, झेरॉक्स माझ्या हातात ठेवली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने माझ्या वडिलांचा दावा मंजूर केला, त्याविरुद्ध धडक देणाऱ्या मोटारीची विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली आहे. अपील करणं हा कंपनीचा हक्क आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती मेमोतल्या पहिल्या मुद्द्याबद्दल. त्याचा मराठीत अर्थ असा : मेंदूतल्या रक्तस्रावाचा अपघाताशी संबंध शाबीत झालेला नाही, अर्जदार घरी बाथरूममध्ये पडले होते. हेच वाक्य कैफियतीत, म्हणजे दाव्याला कंपनीने दिलेल्या लेखी उत्तरात होतं, उलटतपासणीत होतं, युक्तिवादातही होतं. मधल्या काळात त्याला जे उत्तर मिळालं, त्याचा मेमोत उल्लेखही नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, म्हणून अपिलाचं काय व्हावं यावर मी काही लिहिणार नाही. ते वाक्य जन्माला कसं आलं, तेवढं सांगते.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. डिसेंबर 2022 मध्ये, वयाच्या 61 व्या वर्षी, ते स्कूटरवर सिग्नलला थांबलेले असताना मागून मोटारीने धडक दिली. डाव्या भुवईवर जखम झाली. चालक भला माणूस होता, पळून गेला नाही. त्यानेच बाबांना दवाखान्यात नेलं. चार टाके पडले, कवटीचा एक्स-रे काढला, नॉर्मल आला, आणि संध्याकाळी बाबा घरी. ‘खर्च मी देतो, पोलिसांत कशाला जाता,’ असं चालक म्हणाला आणि आम्हीही मान डोलावली. एफआयआर सहा दिवसांनी झाली, तीही स्कूटरच्या दुरुस्तीवरून बिनसलं तेव्हा.

पंधरा-सतरा दिवस बाबा ठीक होते. डोकं जड वाटतं म्हणायचे. मग एके दिवशी मी बघितलं, टेबलावर घड्याळ उघडं होतं आणि बाबा एकच स्क्रू चिमट्यात धरत होते. स्क्रू पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, पुसलं, आणि ‘नंबर वाढलाय’ म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांच्या उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायला लागली. निसटलेली त्यांना कळायचीही नाही, तसेच चार पावलं पुढे जायचे. आम्ही त्यांना हसलो. हे मी कोर्टात सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. इथे सांगते आहे.

सव्विसाव्या दिवशी सकाळी ते बाथरूममध्ये कोसळले. मी कामावर होते. आवाज ऐकून शेजारचे काका धावत आले, त्यांनीच रिक्षातून मोठ्या रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? काकांनी जे पाहिलं ते सांगितलं : बाथरूममध्ये पडले. केसपेपरवर हिस्ट्रीच्या रकान्यात तेवढंच उतरलं. सव्वीस दिवसांपूर्वीची धडक, भुवईवरचा कोवळा व्रण, निसटणारी चप्पल, यांतलं काहीही नाही. सीटी स्कॅन झाला, डाव्या बाजूला मेंदूवर रक्त साचलेलं दिसलं, त्याच रात्री कवटीला भोकं पाडून ते काढलं. बाबा वाचले. उजव्या हाताची पकड मात्र पूर्ण परत आली नाही. कपाची मूठ धरता येते, पण केसाएवढ्या स्प्रिंगचं काम त्या हाताने होत नाही.

आता या रक्तस्रावाबद्दल, कारण सगळा वाद त्याच्यावर आहे. मेंदू आणि त्याच्या बाहेरचं जाड आवरण यांच्यामध्ये बारीक शिरा पुलासारख्या ताणलेल्या असतात. वय वाढतं तसा मेंदू थोडा आक्रसतो, मधली जागा वाढते आणि या शिरा जास्त ताणल्या जातात. डोक्याला हिसका बसला की एखादी फाटते आणि थेंबथेंब गळत राहते. साचलेलं रक्त मेंदू दाबायला लागेपर्यंत आठवडे जातात. आधी डोकेदुखी, मग तोल जाणं, गोंधळणं, एका बाजूची शक्ती कमी होणं. डाव्या बाजूला दाब असला की उजवा हात, उजवा पाय लुळावतो. पहिल्या दिवशीचा एक्स-रे यातलं काही दाखवू शकत नाही, त्यात फक्त हाड दिसतं. पहिल्या दिवशी सीटी केला असता तरी तो नॉर्मल येऊ शकला असता.

म्हणजे बाबा पडले म्हणून रक्तस्राव झाला, की रक्तस्राव झालेला होता म्हणून ते पडले, हा प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर आमच्या म्हणण्यावर अवलंबून नव्हतं, ते फिल्ममध्ये होतं. सीटीवर ताजं रक्त पांढरं दिसतं. दिवस जातात तसं ते करडं होत जातं आणि साधारण तीन आठवड्यांनी मेंदूपेक्षाही काळं. बाबांचा स्कॅन पडल्यानंतर तीन तासांच्या आत झाला होता आणि फिल्ममधलं रक्त काळं होतं. ऑपरेशनच्या नोंदीत सर्जननी लिहिलं होतं की आतून आलेला द्रव इंजिनातल्या जुन्या ऑइलसारखा होता. तीन तासांपूर्वी सांडलेलं रक्त तसं दिसत नाही.

सर्जन प्रामाणिक होते, तेही सांगायला हवं. फिल्मच्या खालच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ होती. साक्षीत त्यांनी स्वतःहून सांगितलं की तेवढं रक्त त्या सकाळच्या पडण्याचं असू शकतं, बाकीचं बहुतेक सगळं जुनं आहे, काही आठवड्यांचं. तुमच्या वकिलांनी त्यातली फक्त रेघ उचलली. युक्तिवादात ते म्हणाले, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. कोर्टात दोघे-तिघे हसले. म्हण चांगली आहे. फक्त फांदी आधीच मोडलेली होती की नाही, हे बघायला ती एकदा हातात घ्यावी लागते. फिल्म तीन वर्षं आमच्याकडे होती. तुमच्या बाजूने एकाही डॉक्टरने ती दिव्यासमोर धरली नाही.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार विमा कंपन्यांकडे आहे. दुखापत अपघाताने झाली हे दाखवण्याचा भार जखमीवर आहे, हे मला मान्य. अपघातानंतर झालं म्हणजे अपघातामुळे झालं असं नसतं, हेही मान्य. पण हा फौजदारी खटला नव्हे. निःसंशय पुरावा इथे लागत नाही, शक्यतांचं पारडं कुठे झुकतं एवढंच बघायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये बिमला देवी विरुद्ध हिमाचल रोड ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन या प्रकरणात ते स्पष्ट सांगितलं आहे, पुढेही वेळोवेळी सांगितलं आहे. मग तुमच्या कैफियतीत ‘संबंध अमान्य, शाबीत करावा’ एवढी एक ओळ का असते? संबंध अमान्य असेल तर तुमच्या मते कारण काय आहे, ते लिहा. ते ठरवणाऱ्या डॉक्टरने काय पाहिलं, तेही लिहा. आमच्या प्रकरणात ‘बाथरूम’ हे कारण कोणी ठरवलं? ते केसपेपरवरच्या एका ओळीने ठरवलं. ती ओळ लिहिणाऱ्याला कारण शोधायचंच नव्हतं, त्याला ऑपरेशनची घाई होती, आणि ते योग्यच होतं.

दुसरी तक्रार ‘आधीपासूनच होतं’ या पालुपदाची. बाबा हृदयासाठी ॲस्पिरिनची रोजची गोळी घेत होते. उलटतपासणीत त्यांना विचारलं गेलं, ‘गोळीने रक्त पातळ होतं हे खरं की नाही?’ बाबा म्हणाले, खरं. मग जणू प्रश्नच मिटला. गोळीमुळे रक्तस्राव वाढला असेल, नाकारत नाही. पण गोळी ते काही वर्षं घेत होते आणि शीर फाटली ती धडकेनंतर. रस्त्यावर ज्याला ठोकर बसते तो जसा असेल तसा स्वीकारावा लागतो, हे कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. इंग्रजीत त्याला अंड्याच्या कवचासारख्या कवटीचा नियम म्हणतात. आमच्या बाबतीत तर कवटीचाच मामला होता. समोरचा धडधाकट असता तर कमी लागलं असतं, हा बचाव होऊ शकत नाही. अपघात हे एकमेव कारण असावं लागत नाही, खरं कारण असावं लागतं.

याच पालुपदाचा दुसरा प्रकार मी न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात पाहिला. आमच्या तारखेला एक गृहस्थ यायचे, पन्नाशीचे, टेम्पोने उडवलेले. कंबरेचा एमआरआय कायम काखेत. अहवालात लिहिलं होतं, ‘वयोमानानुसार झीज’. या दोन शब्दांवर त्यांचा दावा अडला होता. मणक्यांमधल्या चकत्यांची झीज किती जणांना असते, हे तुमच्या डॉक्टरांना ठाऊक नसेल असं मी समजत नाही. 2015 मध्ये 33 अभ्यास एकत्र करून पाठदुखी अजिबात नसलेल्या 3,110 लोकांच्या स्कॅनचा आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या, पन्नाशीतल्या 80 टक्के, ऐंशीतल्या 96 टक्के. आणि यांतल्या एकालाही दुखत नव्हतं! म्हणजे झीज दिसली एवढ्यावरून दुखण्याचं कारण सापडलं असं म्हणता येत नाही. अर्थात हा दाखला दोन्हीकडून लागतो, चकती सरकलेली दिसली म्हणून ती अपघातानेच सरकली, असंही आम्हाला म्हणता येणार नाही. मग बघायचं काय? अपघाताआधी त्या माणसाने कंबरेसाठी कधी औषध घेतलं होतं का, कामावर खाडे होते का, आणि अपघातानंतर दुखणं किती दिवसांत सुरू झालं. हे विचारायला एमआरआय लागत नाही. तुम्ही ते विचारत नाही.

तिसरी तक्रार डॉक्टरांकडे आहे, आणि ती मी जरा संकोचाने करते, कारण बाबा तुमच्यामुळे जिवंत आहेत. दावा दाखल होतो काही महिन्यांनी, पण त्याचा पुरावा तयार होतो पहिल्या दहा मिनिटांत, तुमच्या पेनाने. ज्याच्यावर शाबीत करण्याचा भार आहे तो त्या वेळी स्ट्रेचरवर असतो, अर्धवट शुद्धीत. हिस्ट्री सांगतो कोण? जो बरोबर आला तो. पहिल्या दवाखान्यात ती मोटारचालकाने सांगितली होती : ‘गाडीवरून पडले.’ खोटं नव्हतं, फक्त स्वतःची मोटार त्याने त्यातून वगळली. दुसऱ्या रुग्णालयात शेजाऱ्याने सांगितली. दोन्ही ठिकाणी सांगणारा वेगळा, पण कागद वाचणाऱ्याला वाटतं बाबांनीच सांगितलं. उलटतपासणीत बाबांना दरडावून विचारलं गेलं, ‘तुम्हीच डॉक्टरांना सांगितलं ना, बाथरूममध्ये पडलो म्हणून?’ बाबा खूप वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मला त्या दिवशीचं काही आठवत नाही.’ टंकलेखकाने टंकलं, ‘मला आठवत नाही.’ ‘त्या दिवशीचं’ हे शब्द गळाले. वकीलबाईंनी उठून दुरुस्ती करून घेतली, नाहीतर तेही एक नवीन हत्यार झालं असतं.

आणि तेच कागद नीट भरले तर काय होतं, हेही आमच्याच प्रकरणात दिसलं. पहिल्या दवाखान्याच्या एमएलसी, म्हणजे पोलिसांशी संबंध येणाऱ्या केसेसच्या, नोंदवहीत ‘आणणाऱ्याचं नाव’ असा रकाना होता. तिथल्या कोण्या कर्मचाऱ्याने त्यात चालकाचं नाव आणि मोबाइल नंबर लिहून ठेवला होता. पुढे ‘आमच्या विमाधारकाची मोटार त्या अपघातात नव्हतीच’ असाही पवित्रा कंपनीने घेऊन पाहिला. तो त्या एका रकान्यावर मोडला. त्या कर्मचाऱ्याला आम्ही कधी भेटलो नाही.

चौथी, उशिराबद्दल. एफआयआरला सहा दिवस लागले, म्हणून अपघातच संशयास्पद, असं विमा कंपनीचं म्हणणं. उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात सांगून ठेवलं आहे. माणूस आधी दवाखाना गाठतो, पोलीस ठाणं नंतर. याहून जास्त काही लिहायची गरज नाही.

पाचवी कागदांच्या आयुष्याची. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे आणि रुग्णाने मागितले तर 72 तासांत द्यायचे, असं आहे. आम्हाला पहिल्या दवाखान्यातून नक्कल मिळायला चार फेऱ्या लागल्या. चौथ्या फेरीला काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘ताई, कोर्टाचं आहे असं आधीच सांगायचं नाही, मग सर देतच नाहीत.’ तिने मदत म्हणूनच सांगितलं. आणि तीन वर्षं तर आमची साक्षीपर्यंतच गेली. आम्ही फिल्म घरी जपली म्हणून ती उरली. कित्येकांच्या फिल्म दमट भिंतीला लागून चिकटतात आणि गाठोड्यातच संपतात.

सहावी गोष्ट आमच्या घरावर आलेली नाही, पण व्हरांड्यात बसलं की ऐकायला मिळते. एका बाईंचे यजमान मांडीचं हाड मोडून पाच महिने अंथरुणावर होते आणि एका पहाटे घरीच गेले. घरच्यांनी अंत्यसंस्कार केले. पोस्टमॉर्टेम कोण करून घेतो? पुढे कंपनीने विचारलं, मृत्यू अपघातामुळेच झाला कशावरून? मोडलेला पाय घेऊन पडून राहणाऱ्या माणसाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, पाठीला जखमा होऊन जंतू रक्तात भिनू शकतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो. हे कुठल्याही वॉर्डातल्या सिस्टरला माहीत असतं. कायद्याने यात थोडी वाट केली आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये पाचवं पोटकलम आलं. जखमी माणूस पुढे कोणत्याही कारणाने गेला, त्या कारणाचा अपघाताशी संबंध असो वा नसो, त्याचा दुखापतीच्या भरपाईचा हक्क वारसांकडे जातो. पण मृत्यूची भरपाई मागायची तर संबंध दाखवावाच लागतो, आणि तो दाखवणारा कागद बहुतेक वेळा नसतोच. अपघातात हाड मोडलेला माणूस घरीच वारला, तर अंत्यसंस्काराआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलवा आणि मृत्यूचं कारण त्यांच्याकडून लिहून घ्या, एवढं तरी डिस्चार्ज देताना कोणी सांगायला हवं. ऐकायला कठोर वाटेल, तरी सांगायला हवं.

टक्केवारीचं थोडक्यात उरकते, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. बाबांना हाताचं 30 टक्के अपंगत्व लिहून मिळालं. तुम्ही त्याला सबंध शरीराच्या हिशेबात बसवून एक आकडी केलं आणि तेवढीच कमाई बुडाली म्हणालात. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तीन आकडे वेगळे करून दाखवले आहेत : अवयवाचं अपंगत्व, शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान. तिथला दाखला डाव्या हाताचा आहे. तो हात गमावला तर चालकाची किंवा सुताराची कमाई जवळपास सगळी जाते, सरकारी कारकुनाची नोकरी राहू शकते. घड्याळजीचं बोट थरथरलं तर काय होतं, ते मी सांगायला नको. त्याच निकालात, रुग्णावर उपचार न करता तयार प्रमाणपत्रं देणाऱ्या डॉक्टरांपासून न्यायाधिकरणांनी सावध राहावं असंही म्हटलं आहे. ते वाक्य तुम्ही आवडीने वाचून दाखवता, आणि ते तुमच्या बाजूचं आहेच. खोटे दावे होतात, मोडकी हाडं विकत मिळतात, हे व्हरांड्यात बसणाऱ्यांना तुमच्याहून जास्त दिसतं. त्याचा राग आम्हालाही आहे, कारण त्यांच्यामुळे आमच्याकडे त्याच नजरेने पाहिलं जातं.

आमच्या अर्जाच्या पहिल्या मसुद्यात गुडघेदुखीही घातली होती. बाबांनी मसुदा वाचायला मागितला. डाव्या हाताने ओळीवर बोट ठेवून वकीलबाईंना म्हणाले, ‘गुडघा माझा जुना आहे. तो काढा.’ काढला. कंपनीला याची कल्पना असायचं कारण नाही, कोर्टाच्या दप्तरात खोडलेल्या ओळी जात नाहीत.

आता मागण्या.

विमा कंपन्यांकडे : दुखापतीचा अपघाताशी संबंध नाकारायचा असेल तर कैफियतीबरोबर त्या विषयाच्या डॉक्टरचं सहीचं मत जोडा. त्यात त्याने अहवाल वाचला की मूळ फिल्म पाहिली, हे लिहिलेलं असू द्या. ‘झीज’ किंवा ‘आधीचा आजार’ म्हणायचं असेल तर अपघातापूर्वीच्या उपचाराचा एखादा कागद दाखवा, नसेल तर तो मुद्दा घेऊ नका. सर्जनच्या साक्षीत जे आलं त्याला उत्तर न देता तोच मुद्दा अपिलात पुन्हा मांडू नका. तुमच्या अधिकाऱ्याने दावेदाराला तडजोडीचा देकार द्यावा यासाठी कायद्याने 30 दिवस ठरवून दिले आहेत. ते दिवस कागद मागवायला आणि फिल्म पाहायला वापरा.

डॉक्टरांकडे : हिस्ट्रीच्या रकान्याशेजारी ‘कोणी सांगितली’ हे लिहा, नातं किंवा ओळख यासह. चालता चालता पडलेल्या, तोल गेलेल्या, अचानक गोंधळलेल्या माणसाच्या घरच्यांना एक प्रश्न जास्तीचा विचारा : गेल्या दोन-तीन महिन्यांत डोक्याला मार लागला होता का? तो प्रश्न उपचारालाही उपयोगी आहे, हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. रुग्ण शुद्धीवर आल्यावर हिस्ट्री पुन्हा विचारा आणि वेगळी निघाली तर जुनी न खोडता खाली तारीख-वेळ घालून नवी लिहा. डोक्याला टाके घालून घरी सोडताना ‘पुढचे सहा आठवडे या खुणा दिसल्या तर या’ असा मराठीत छापलेला कागद हातात द्या, आणि त्यात निसटणाऱ्या चपलेचा उल्लेख जरूर करा. आम्ही हसलो नसतो. साक्षीचं समन्स आलं तर या. वेळ जातो, मान्य. पण त्याच राजकुमार निकालात डॉक्टरांना ताटकळत ठेवू नये, ठरलेली वेळ द्यावी, जमेल तिथे कमिशनर (कोर्टाच्या वतीने साक्ष नोंदवणारा माणूस) नेमून रुग्णालयातच साक्ष घ्यावी, असं न्यायाधिकरणांना सुचवलेलं आहे. तशी वेळ मागून घ्या.

पोलिसांकडे एवढंच : 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायचा असतो. तो वेळेत गेला तर वर लिहिलेल्यातलं निम्मं भांडण उरणार नाही. आमचा अहवाल गेला तेव्हा बाबांचे ऑपरेशनचे केसही पुन्हा वाढले होते.

न्यायाधिकरणांना पत्र लिहिण्याचा माझा अधिकार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 169 खाली विषयाच्या जाणकाराला मदतीला घेता येतं, एवढी नोंद करून ठेवते. मेंदूच्या फिल्मवर दोन वकिलांनी भांडण्यापेक्षा एका तटस्थ डॉक्टरने अर्धा तास ती पाहिलेली बरी.

अपिलाची तारीख अजून लागलेली नाही. फिल्म आमच्या कपाटात, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, सपाट ठेवलेली आहे. कंपनीच्या डॉक्टरांना ती पाहायची असेल तर वकीलबाईंमार्फत निरोप द्या. दिवस आणि वेळ तुम्ही ठरवा, मी घेऊन येईन.

आपली,
एका घड्याळजींची मुलगी